उच्चारलेल्या शब्दाचा अधिकार : रामटेक ते दीक्षाभूमी

पुराणकथांतील शाप आणि वर केवळ चमत्कार म्हणून बाजूला सारले, की त्यांच्या मुळाशी असलेली एक गंभीर कल्पना हातून निसटते. तपाने किंवा सत्याचरणाने ज्याची वाणी सिद्ध झाली आहे, त्याचा शब्द घटना घडवतो, आणि एकदा उच्चारलेला शब्द खुद्द बोलणाऱ्यालाही परत घेता येत नाही, ही ती कल्पना होय. शृंगीने परीक्षिताला दिलेला शाप त्याच्या पित्याला, शमीक ऋषींना, मुळीच मान्य नव्हता; तरीही राजाला सावध करण्यापलीकडे त्यांना काही करता आले नाही. वर आणि शाप यांत हे सामर्थ्य दुसऱ्यावर चालते. प्रतिज्ञेत, उदाहरणार्थ भीष्माच्या, माणूस त्या सामर्थ्याने स्वतःलाच बांधून घेतो.

महाभारतातच या कल्पनेला न्यायविचाराचे वळण लागलेले दिसते. बालपणी कीटकांना दिलेल्या यातनेपायी आपल्याला सुळावर चढावे लागले हे कळल्यावर अणीमांडव्य ऋषी साक्षात यमधर्माला शूद्रयोनीत जन्मण्याचा शाप देतात, ज्यातून विदुराचा जन्म होतो, आणि त्याच दमात वयाच्या 14 वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याचे पातक लागणार नाही अशी मर्यादा घालून देतात. येथे शाप हा निव्वळ संताप उरत नाही, तो कायदा दुरुस्त करतो. मात्र शूद्र म्हणून जन्मणे हीच शिक्षा ठरावी, ही त्या न्यायाची उघडी बाजू दुर्लक्षून चालणार नाही.

पुढे शापाला अवधी आणि उःशाप, म्हणजे त्यातून सुटकेची अट, जोडण्याकडे कल वाढत गेला. मूळ महाभारतकथेत शकुंतलेला दुष्यंत जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठीची खूण आणून राजाचे चारित्र्य वाचवले, त्याची किंमत मात्र शकुंतलेने मोजली. ‘मेघदूता’तील यक्षाचा शाप तर एका वर्षाचा, कार्तिकात विष्णू शेषशय्येवरून उठताच संपणारा आहे. अपराध कर्तव्यातील हयगयीचा, एवढेच कवी सांगतो. त्याला शापाच्या कारणापेक्षा शापात काढलेल्या दिवसांत रस आहे. यक्षाचे निवासस्थान असलेला रामगिरी म्हणजे टीकाकार मल्लिनाथाच्या मते चित्रकूट. पण नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी तो रामटेक असल्याचे प्रतिपादन केले. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, रामटेकपासून जवळच आहे आणि वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या ताम्रपटात रामगिरिस्वामीचा उल्लेख येतो, त्यामुळे हे मत बळकट ठरते.

रामटेकच्याच डोंगरावरील धूम्रेश्वराचे स्थान शंबूकाचे मानले जाते. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात शूद्र असून तप केले म्हणून राम त्याचा वध करतो. शब्दाला सामर्थ्य तपातून येते हे गृहीत धरले, तर या वधाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, कारण तपाला मज्जाव म्हणजे ज्या शब्दाने वर, शाप आणि नियम निर्माण होतात, त्या शब्दालाच मज्जाव. मरणसमयी रामाने शंबूकाला वर दिला, असे रामटेकची स्थलकथा, म्हणजे त्या तीर्थाची स्वतःची पुराणकथा, सांगते. अन्याय पुसता येत नसला तरी तो सलतो, याचीच ही कबुली म्हणावी लागेल. पण वर मागणारा तेथेही देणाऱ्याच्या कृपेवरच राहतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात, आजच्या दीक्षाभूमीवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखोंच्या समुदायाला 22 प्रतिज्ञा दिल्या. शापकथांच्या परंपरेतून पाहता या घटनेचे वेगळेपण मागण्याऐवजी स्वतःला बांधून घेण्यात आहे. त्या प्रतिज्ञांमध्ये राम व कृष्ण यांना देव न मानण्याचा निश्चय आहे आणि चोरी, असत्य, मद्यपान यांपासून दूर राहण्याचाही. मोडणाऱ्यावर कोसळणारा शाप मात्र त्यांत नाही. शंबूकाला ज्या उच्चाराचा अधिकार नव्हता, तो येथे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडून केला, आणि त्यासाठी आधी कोणाचा जन्म पाहिला गेला नाही की तप.