डोंगराचे रूप, डांबराची वाट

गरजेतून आलेले रूप गरज सरल्यावरही मिरवले, तर ते खोटे म्हणावे काय?

१९४८ साली इंग्लंडात लँड रोव्हर निघाली. युद्धानंतर पोलादाची टंचाई, म्हणून तिचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. शेतात, चिखलात राबणारी ती गाडी. तिचा ओबडधोबडपणा प्रामाणिक होता. २००८ च्या जानेवारीत डेट्रॉईटच्या प्रदर्शनात त्याच घराण्याची एक आटोपशीर, आलिशान गाडी नमुना म्हणून मांडली गेली. उतरते छप्पर, अरुंद काचा. त्याच वर्षी कंपनी टाटांकडे आली आणि २०११ मध्ये लिव्हरपूलजवळ हेलवूडच्या कारखान्यात ‘रेंज रोव्हर इव्होक’ जवळजवळ त्याच रूपात तयार होऊ लागली. (२०१५ पासून पुण्यातही तिची जुळणी झाली.) मागचे नीट दिसत नाही, ही अडचण रूपापायी सोसली गेली. इतकेच नव्हे, इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना देणारी इव्होकही निघाली!

माझे मन इथे अडते. सौंदर्याला हरकत नाही. पैठणीचा पदर तरी कुठे ऊब देतो? पण पैठणी घोंगडीचा आव आणत नाही. बरे, गिऱ्हाईक फसले म्हणावे, तर त्याने दोन चाकांचीच गाडी जाणूनबुजून घेतलेली असते. मग हा आव कोणासाठी? बहुधा सिग्नलला शेजारी थांबलेल्यासाठी. आणि तोही तसलीच घेण्याच्या विचारात असतो.