अट समितीची, खर्च मालकाचा

वारसा वस्त्यांचा विषय निघाला की मुंबईतला वाद दोनच प्रश्नांवर येऊन थांबतो: इमारत किती उंच नेता येईल आणि एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात बांधकामाचं क्षेत्र, किती मिळेल. २०१२ साली प्रस्तावित वारसा यादीत शिवाजी पार्कचं नाव आलं तेव्हाही हेच झालं. पुनर्विकास अडणार म्हणून रहिवासी चिडले, राजकीय पक्ष त्यांच्यामागे उभे राहिले आणि अनेक वारसाप्रेमींनी विरोध करणाऱ्या सगळ्यांना सरसकट बिल्डरांच्या गोटात टाकून दिलं. या गदारोळात एका माणसाचा विचार कोणी केला नाही. त्याला टॉवर नकोच आहे. आजोबांनी बांधलेलं घर आहे तसं राखायचं आहे आणि आवारात गाडीसाठी फक्त एक गॅरेज बांधायचं आहे. वारशाच्या धोरणाची खरी परीक्षा या माणसापाशी होते, असं मला वाटतं.

गॅरेज म्हणजे केवढी गोष्ट? मुंबईच्या नियमावलीत मोठ्या गाडीची जागा २.५ मीटर बाय ५.५ मीटर धरली आहे. इतर कुठेही सिमेंट ब्लॉकच्या तीन भिंती, वर पत्रा आणि पुढे रोलिंग शटर एवढ्यात काम भागतं. वारसा वस्तीत मात्र परवानगीसोबत वारसा समितीच्या अटी येतात, आणि कुंपणाची जुनी भिंत कुठे फोडायची, इथपासूनच प्रश्न सुरू होतो. रस्त्यावरून शटर दिसू नये म्हणून लाकडी दार आलं. दोन झडपांचं दार आत उघडलं तर गॅरेज लांब करावं लागतं, बाहेर उघडलं तर रस्ता अडतो. मग सुताराकडून घडीचं दार करून घ्यायचं. पत्र्याऐवजी मंगळुरी कौलं घातली की खाली वासे आणि रिपा आल्याच, आणि शेजारच्या छपराशी मेळ बसावा म्हणून पाडलेल्या घरांची जुनी कौलं शोधत फिरणंही आलं. जुन्या भिंतीलगत पाया घ्यायचा तर यंत्र लावून चालत नाही; मजुरांनी हाताने थोडं थोडं खणायचं, भिंतीला टेकू देत पुढे सरकायचं. ती भिंत चुन्यात बांधलेली असेल तर तिला सिमेंटचा गिलावा करायचा नाही. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. शिवाय वास्तुविशारदाची फी, नकाशे, छायाचित्रं आणि मंजुरीची वाट पाहण्यात गेलेले महिने वेगळेच.

यातल्या बहुतेक अटी मला योग्य वाटतात. चुन्याच्या भिंतीची अट तर घराच्याच हिताची आहे. त्यामुळे नियमच काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. नियमाविना जुन्या वस्तीचं काय होतं ते गिरगावात फिरून पाहावं. वारसा वस्तीत मोटार हवीच कशाला, असं म्हणणाऱ्यांनी ओव्हल मैदानासमोर जावं. १९३०च्या दशकातल्या ज्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांच्या मागच्या बाजूला वास्तुविशारदांनी तेव्हाच गॅरेजं योजलेली होती.

मात्र एक मत असं आहे की ते सुशिक्षित, समंजस माणसंही सहज बोलून जातात आणि ऐकणारे मान डोलावतात. ते असं: वारसा वस्तीत घराची किंमत वाढते, तेव्हा गॅरेजला थोडा जास्त खर्च आला तर मालकाने तो सोसावा, एका हाताने दिलं तर दुसऱ्या हाताने मिळतंच. हे मत मुळातच चुकीचं आहे. घराची वाढलेली किंमत हातात पडते ती घर विकल्यावर. जो विकून निघून जातो त्याला पैसे मिळतात. जो राहतो, दर पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, त्याला ती किंमत कधीच दिसत नाही. म्हणजे वस्ती राखणाऱ्यानेच खर्च करायचा आणि सोडून जाणाऱ्याने फायदा न्यायचा. शिवाय मुंबईत भाव येतो तो प्रामुख्याने जमिनीला आणि तिच्यावर किती बांधता येईल त्याला. कौलारू छपराला आणि नक्षीच्या कठड्याला त्या भावात फारसा वाटा नसतो. बंधनामुळे खरोखरच भाव वाढत असता, तर शिवाजी पार्कचे रहिवासी यादीत नाव आलं म्हणून घाबरले नसते.

क्षणभर मानू की वस्तीच्या देखणेपणामुळे भाव वाढतो. तो कोणाकोणाचा वाढतो? ज्याने सागवानी दार केलं त्याचा वाढतो, तसाच ज्याने काहीच केलं नाही त्या शेजाऱ्याचाही. हद्दीबाहेरच्या टॉवरमध्ये खिडकीतून ही कौलं दिसतात म्हणून फ्लॅट महाग विकला जातो, त्या टॉवरच्या मालकाचाही वाढतो. त्याच्यावर एकही अट नाही. लाभ सगळ्यांचा असेल तर खर्चही सगळ्यांचा हवा. हे तर याच मतातून निघतं, आणि ते मांडणारे नेमके इथे थांबतात.

आता मूळ मुद्दा. १९९५ साली मुंबईने वारसा नियम केले, देशात सर्वांत आधी. ते करणाऱ्यांना मालकाच्या नुकसानीची जाणीव होती. परवानगी नाकारल्यामुळे किंवा अटींमुळे मालकाला उरलेला एफएसआय वापरता आला नाही तर त्याला टीडीआर, म्हणजे तो न वापरलेला बांधकाम हक्क दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा अधिकार, देण्याची सोय त्यांनी केली. ती न्याय्यच होती. पण ती भरपाई न बांधू दिलेल्याची आहे. वेगळ्या रीतीने बांधायला लावल्याच्या भरपाईची सोय तिच्यात नाही. गॅरेजवाल्याचा एफएसआय कोणी अडवलेला नाही, परवानगीही मिळालेली आहे. म्हणून त्याचं नुकसान झालंच नाही, असा हिशेब होतो. दुरुस्तीसाठी निधी उभारण्याचा विचार नियमांत आहे, पण नवं गॅरेज ही दुरुस्ती नव्हे. नकाराची किंमत धोरणाला कळते, सशर्त होकाराची कळत नाही. परिणामी टॉवर बांधू पाहणारा काहीतरी पदरात पाडून घेतो आणि घर राखणारा रिकाम्या हाताने राहतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ब्रिटनमध्ये संरक्षित घरांतल्या मंजूर बदलांवर २०१२पर्यंत शून्य दराने व्हॅट होता. ऑक्टोबर २०१२पासून तिथेही पूर्ण २० टक्के लागू झाला. अटी कायम राहिल्या आणि त्यांचा भार थोडा हलका करणारी सवलत गेली.

माझी मागणी मोठी नाही. वारसा समिती जेव्हा गॅरेजच्या नकाशावर अट घालते, तेव्हा साध्या बांधकामाचा आणि अटीप्रमाणे करायच्या बांधकामाचा असे दोन अंदाज त्याच कागदावर मांडले जावेत. दोहोंतला फरक महापालिकेने मालमत्ता करातून काही वर्षांत वळता करून द्यावा. समितीला मग प्रत्येक अट घालताना तिची किंमत दिसेल, आणि केवळ हौसेची अट कोणती व भिंत वाचवणारी कोणती, हे तिला निवडावं लागेल. महापालिकेने हा प्रयोग आधी एखाद्याच वस्तीत करावा, पण टॉवरचा पुढचा वाद सुरू होण्याआधी करावा.