अर्थापत्ती आणि आकाशगंगा

धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, हे मीमांसकांनी अर्थापत्तीसाठी दिलेले उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. परंतु अन्नावाचून देह पुष्ट राहत नाही हा नियमच देवदत्ताला लागू नसेल तर काय, अशी शंका एखाद्या शिष्याने काढली असती, तर गुरुजींनी ती वितंडा म्हणून बेदखल केली असती. खगोलशास्त्राला मात्र ती दाखल करून घ्यावी लागली आहे.

लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने युरेनसच्या गतीतील तफावतीवरून एका अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तविले, आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले यास नेपच्यून त्या स्थानापासून एका अंशाच्या आत सापडला. त्याच तर्काने बुधाच्या कक्षेतील तफावतीसाठी लव्हेरिएने सूर्याच्या निकट आणखी एक ग्रह कल्पिला, त्याचे व्हल्कन असे बारसेही झाले, पण तो कधी सापडला नाही, आणि शतकाला ४३ विकलांची ती तफावत १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून मिटविली. तर्क एकच, एकदा तरला, एकदा बुडाला.

देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यापासून दूर जावे तसतसा परिभ्रमणाचा वेग उतरावा ही अपेक्षा होती. १९७० साली व्हेरा रूबिन व केंट फोर्ड यांनी तो मोजला, तेव्हा तो उतरावयास तयार नव्हता. बहुसंख्यांनी अदृश्य कृष्णद्रव्य मानले. इस्रायलच्या मिलग्रोमने मात्र १९८३ साली असे सुचविले की, त्वरण एका विशिष्ट, अत्यंत सूक्ष्म मर्यादेखाली गेले म्हणजे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. आणि यातून असे निघते की, बाहेरील स्थिर वेगाचा चौथा घात दृश्य द्रव्याच्या प्रमाणात असावा. तारे थोडे आणि वायूच फार अशा मंद दीर्घिकाही, वायूचे वजन हिशेबात धरताच, पुढे या प्रमाणात बसल्या. एवढे भाकीत जो करतो त्याला विक्षिप्त म्हणून वाटेला लावणे मला न्याय्य वाटत नाही.

दिसते त्याच्या पाचपट न दिसणारे मानणे हा कल्पनेचा गौरवदोष, म्हणजे गरजेहून अधिक गृहीत धरणे होय, हा आक्षेप मात्र मला लंगडा वाटतो. वैशेषिकांनी तर प्रत्यक्ष गुरुत्वालाच अतीन्द्रिय आणि केवळ पतनावरून अनुमेय ठरविले होते. अदृष्टाला दुसरा स्वतंत्र साक्षीदार मिळतो की नाही, हा खरा प्रश्न. दोन दीर्घिकापुंजांच्या टकरीत तप्त वायू मागे रेंगाळला, आणि गुरुत्वाने वाकलेल्या प्रकाशाने दाखविलेले वस्तुमान दीर्घिकांसमवेत पुढे निघून गेले, असे २००६ साली दिसले. मिलग्रोमचा नियम मानूनही पुंजांचा हिशेब तुटीतच राहतो, म्हणजे रात्रीच्या जेवणाचा इन्कार करणाऱ्यालाही तेथे चोरून एक पान वाढावे लागते. बेकेनस्टाइनने २००४ साली त्या नियमाला सापेक्षतेची बैठक दिली. पण २०१७ साली न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी व गॅमा किरण सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे चालून दोन सेकंदांच्याही आत मागोमाग पोहोचले, आणि या दोहोंचे वेग भिन्न असावेत असे सांगणारे तत्सम अनेक सिद्धान्त निकालात निघाले.

तरीही सरशी झालेल्या पक्षाचे दप्तर पुरे नाही. इटलीतील ग्रान सास्सो पर्वताच्या पोटात द्रवरूप झेनॉन भरून ठेवलेल्या यंत्रांपुढे कृष्णद्रव्याचा कण अद्याप रुजू झालेला नाही. आणि सारा कारभार अदृश्य द्रव्याच्या हाती असता नुसत्या दृश्य द्रव्यावरून वेग इतका बिनचूक कसा सांगता येतो, याची सर्वमान्य कैफियत त्या पक्षाने अजून दिलेली नाही.