थोडा ताण राखून ठेव

चि. बाय हीस,


तुझं पत्र मिळालं. देवबागेला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे लाट उठली की होडीतल्या पिशव्या, बाटल्या आणि दोरीची वेटोळी या बाजूहून त्या बाजूला धावतात, म्हणून मोटरसायकलवर हेल्मेट अडकवायला मिळतं तसलं रबरी जाळं विकत घेऊ की घरी करू, असं तू विचारलंयस. घरीच कर. विकतचं वाईट असतं असं नाही, पण त्याचे लोखंडी हूक आपल्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात, आणि त्याचं माप मोटरसायकलच्या सीटचं असतं, तुझ्या होडीच्या पुढच्या टोकामागच्या रिकाम्या जागेचं नसतं. शिवाय आपण स्वतः बांधलेल्या वस्तूत कच्चं कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि पाण्यावर ही माहिती फार उपयोगी पडते. आता मासेमारीबंदीचे दिवस आहेत, होड्या शाकारून ठेवल्या आहेत, बाहेर पाऊस कोसळतोय; पडवीत बसून हाताला काम द्यायला याहून बरा मुहूर्त कुठला?

पहिली गोष्ट, दोरी कापायची घाई करू नकोस. (तुझे हात चांगले आहेत गो, पण कात्री हाती आली की तुला दम निघत नाही, हे मला माहीत आहे.) आधी जागा मोज. समज, जिथे हूक अडकणार त्या कड्यांमधलं अंतर रुंदीला ६५ सेंटिमीटर आणि लांबीला ९० सेंटिमीटर भरलं. मग जाळं तेवढंच करायचं नाही. ते ५० बाय ७० चं करायचं. रिकामं असतानाही ते थोडं ओढूनच बसलं पाहिजे, नाहीतर जुन्या बाजेसारखं मध्ये झोळ पडून राहील आणि पहिल्याच लाटेला बाटली खालून निसटेल. पण उलट्या बाजूचा लोभही धरू नकोस. ही रबरी दोरी ताणून ताणून स्वतःच्या साधारण दुप्पट होते, आणि तिथपर्यंत ओढली की पुढे ती साध्या दोरीसारखीच वागते, तिच्यात द्यायला काही उरत नाही. सामान भरल्यावर जाळं दीडपट ताणलं गेलं तर पुरे. उरलेला ताण लाटेसाठी ठेवायचा. एरवी कामात हातचं राखू नये असं मी तुम्हा पोरांना सांगत आलो, पण रबराच्या बाबतीत हातचं राखावंच.

आता दोरी किती लागेल ते पाहू, म्हणजे उगाच जास्तीची आणून पैसे वाया जाणार नाहीत. जाळ्याच्या बाहेरच्या चौकटीला ८ मिलिमीटर जाडीची रबरी दोरी आणि आतल्या जाळीला ६ मिलिमीटरची घे. घरं दहा-दहा सेंटिमीटरची धरलीस तर लांबीच्या दिशेने चार दोऱ्या बसतील आणि रुंदीच्या दिशेने सहा. चार सत्तरी दोनशे ऐंशी, सहा पन्नास तीनशे, म्हणजे पावणेसहा मीटरच्या जरा वर. त्यात वीस टोकं चौकटीला वळसा घालून बांधायची, दर टोकाला दहा-बारा सेंटिमीटर धर, म्हणजे आठ मीटरच्या आसपास. चौकटीला दोन मीटर चाळीस, अधिक जोडासाठी आणि कोपऱ्यांसाठी थोडी. तुझं सगळ्यात लहान सामान, टॉर्च म्हण किंवा औषधांची डबी, दहाच्या घरातून निसटत असेल तर घर लहान कर किंवा त्या वस्तू एका पिशवीत घाल. मला विचारशील तर पिशवीच स्वस्त.

गाठींचं मात्र नीट ऐक. किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या बायका सुईने आणि पट्टीने जी गाठ झरझर टाकतात ती सुताच्या किंवा नायलॉनच्या दोरीसाठी उत्तम आहे. रबरी दोरीला ती भरवशाची नाही. कारण ही दोरी ओढली की बारीक होते, आणि ती बारीक झाली की घट्ट वाटणारी गाठ सैल पडून हळूहळू सरकते. म्हणून इथे गाठ न मारता मेण लावलेल्या जाड दोऱ्याने बांधायचं. टोक चौकटीभोवती वळव, दोन्ही पदर शेजारी धर, दोरी जराशी ओढून ठेव आणि त्या ताणावरच दोऱ्याचे दहा-बारा गच्च वेढे दे. मग सोड. दोरी पुन्हा फुगते आणि दोऱ्याला स्वतःच आवळून धरते. हे मला फार आवडतं बघ, रबराचा जो खोडकरपणा गाठ सोडवतो तोच आपण बांधायला वापरायचा.

आतल्या दोऱ्या एक वर, एक खाली अशा घाल, आणि चोवीस ठिकाणी जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही तिरप्या दिशांनी तीन-तीन वेढे घालून बांध. चोवीस म्हणजे पुष्कळ वाटतील. एका बैठकीत उरकायचे नाहीत. रोज संध्याकाळी सहा बांधलेस तर चार दिवसांत होतात, आणि चौथ्या दिवशीचे पहिल्या दिवसापेक्षा देखणे असतात. कापायच्या आधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोरा गुंडाळ, मगच धारदार सुरी लाव, नाहीतर आतलं रबर आत पळतं आणि वरचं विणलेलं आवरण फिसकटतं. आवरण नायलॉनचं असेल तर टोकाला काडीची आच नुसती दाखव; रबर जाळू नकोस.

हूक नायलॉनचे किंवा न गंजणाऱ्या स्टीलचे घे, चार कोपऱ्यांना चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन. होडीच्या फायबरला कड्या बसवताना नुसते स्क्रू पिळू नकोस, आरपार बोल्ट घालून आतून रुंद वॉशर लाव आणि भोक सीलंटने बुजव. आणि भोक पाण्याच्या रेषेच्या बरंच वर असू दे, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. ताणलेला हूक हातातून सुटला तर तो थेट तोंडावर येतो, असल्या हुकांनी डोळे कायमचे दुखावल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. म्हणून आधी पलीकडचे हूक लाव, मग अलीकडचे, आणि जाळ्यावर वाकून कधीच ओढू नकोस. सोडतानाही हूक मुठीत धरूनच सोड.

या जाळ्याखाली हलकंच सामान जाईल. नांगर आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन त्याच्या हवाली करू नकोस. जड वस्तू उसळली की रबर तिला जाऊ देतं आणि मग जोराने परत फेकतं. त्यांना न ताणणाऱ्या दोरीने किंवा पट्ट्याने, तळाला, होडीच्या मध्याजवळ बांध; नांगर बांधलेली दोरी मात्र एका हिसक्यात सुटेल अशी. लाइफ जॅकेट तर जाळ्याखाली ठेवायची वस्तूच नव्हे, ती अंगात घालायची. पाणी उपसायचा डबा वेगळ्या दोरीने हाताशी असू दे.

आणि घरी आल्यावर जाळं सोडून गोड्या पाण्यात खंगाळ, सावलीत वाळव, सैल करूनच टांगून ठेव. ऊन आणि पेट्रोल हे रबराचे वैरी. एवढी निगा राखलीस तर नवी दोरी घ्यायचे पैसे वाचतील, आणि ते वाचलेले कुठे खर्च करायचे हे तुला मी शिकवायला नको.

आता माझं नेहमीचं टुमणं, कंटाळू नकोस. आपल्या दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत ना, तिथले लोक झाडांना छेद द्यायला पहाटेच निघतात, कारण गारव्यात चीक भरपूर वाहतो आणि ऊन चढलं की आटतो. तूही तसंच पहाटे उठ. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, ती कुणासाठी थांबत नाही. पण जो अर्धा तास आधी किनाऱ्यावर आहे त्याला ती कधी घाईत पकडतही नाही. सामान आदल्या रात्री लावून ठेव आणि सकाळी सहाही हूक बोटाने एकेकदा तपास. तू सामान नीट बांधशील याची मला शंका नाही, बांधतेसच. माझी काळजी त्या शेवटच्या पाच मिनिटांची आहे, जेव्हा मैत्रिणी हाका मारत असतात आणि सहावा हूक राहून जातो. त्यांना थांबू दे. चांगल्या मैत्रिणी थांबतात.

तर आता टेप घेऊन होडीपाशी जा, जागा दोनदा मोज, आणि दोन्ही वेळचे आकडे मला लिहून पाठव. जुळले तर मेण लावलेला दोरा मी इकडून पाठवतो, न जुळले तर तिसऱ्यांदा मोज. तोवर कात्री आजीकडे दे.

तुझे,
आजोबा