हात थोडा आवरूया



गॅलरीतल्या जुन्या टबात मुलांनी धणे पेरलेत. लाटण्याने हलके रगडून, एकेका धण्याच्या दोन फाका करून. लादीवर चिखल झालाय. आईला कौतुकही वाटतं आणि रागही येतो. मेथी लगेच वर येते. धणे मात्र वाट पाहायला लावतात. मुलगी रोज माती उकरून बघते. धाकटा नको इतकं पाणी ओततो. आईला वाटतं, आपणच नीट करून टाकावं. पण मग ती कोथिंबीर आईची होईल, मुलांची राहणार नाही. म्हणून हात थोडा आवरूया.

मंडळी, ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्याच हातातलं काम आपण पटकन काढून घेतो. काम चोख होतं, पण माणूस शिकायचा राहून जातो. जास्त पाण्याने मूळ कुजतं, हे कुजलेलं रोप जितकं पक्कं शिकवतं, तितकं आपलं ओरडणं शिकवत नाही. दुसऱ्याला चुकू द्यायलाही मोठं मन लागतं. हात थोडा आवरूया.

आज आपल्या घरात, कामाच्या ठिकाणी कुणी काही नवं करायला घेतलं असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहा. विचारलं तर मनापासून सांगा. तोवर, हात थोडा आवरूया.