गच्चीचा कठडा



आजच्या शुभवर्तमानात (लूक १४:२५-३३) बुरूज बांधायला निघालेला एक माणूस भेटतो. पाया घालण्याआधी बसून खर्चाचा हिशोब कर, असे प्रभू येशू सुचवतो. तो शिष्यत्वाविषयी बोलत आहे, हे खरे. पण आपल्या वसईत जुने कौलारू घर पाडून नवे बांधणे सतत चालू आहे, म्हणून आज त्या हिशोबापाशीच थोडे थांबू या.

अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) नव्या घरासाठी एक नियम आहे : गच्चीला कठडा हवाच, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. पडणार कोण? घरधन्याला आपल्या गच्चीची कड ठाऊक असते. पडतो तो पाहुणा, शेजाऱ्याचे पोर, नाहीतर कामावरचा मजूर. म्हणजे घर माझे असले तरी त्याचा हिशोब माझ्या एकट्याचा नाही.

आपल्या पूर्वजांनी मातीसाठी खणले आणि मागे बावखल राहिले. त्यात पावसाचे पाणी साठे, वाडी भिजे, विहिरीला झरा मिळे. आपण त्यातच भराव टाकतो, कुंपणापर्यंत काँक्रीट ओततो आणि उन्हाळ्यात टँकर मागवतो. पाण्याला जिरायला जागा उरली नाही तर ते शेजाऱ्याच्या ओटीवर चढणारच. जुलै २०१८ मध्ये घराघरांत शिरलेले पाणी विसरलात का?

सिमेंटचेही तसेच. चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, दगडातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. जगातील या वायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

“फादर, मग आम्ही झोपडीत राहायचे का?” नाही. मुले मोठी झाली, वाटण्या झाल्या, जागा पुरत नाही, हे मी जाणतो. पण लॉरी बेकर यांचे काम पाहा. जन्माने इंग्रज, पंथाने क्वेकर. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आले आणि २००७ साली तिरुवनंतपुरमलाच वारले. आर्चबिशप बेनेडिक्ट मार ग्रेगोरियस यांनी त्यांच्याकडून गरिबांसाठी घरे बांधून घेतली. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तिने सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि घरही गार राहते. तिरुवनंतपुरमचे लोयोला चॅपेल त्यांनीच बांधले. कमी खर्चात बांधले म्हणून देवाचा मान कमी झाला नाही.

राहिला मजूर. शेजाऱ्याला फुकट राबवून महाल उठवणाऱ्या राजाला यिर्मया (२२:१३) कडक शब्दांत सुनावतो. आपण राजे नाही, पण नाक्यावरच्या माणसाची मजुरी “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणून अडकवणारे आपल्यातही आहेत. (पवित्र मिस्साला पहिल्या बाकावर बसणारेसुद्धा.) वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळाला तर त्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, मुलांना शिष्यवृत्ती मिळू शकते. आपल्या ठेकेदाराला त्या दाखल्याविषयी विचारायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या वेळी नव्या घराच्या आशीर्वादासाठी मला बोलवाल, तेव्हा मी आधी गच्चीवर जाईन. कठडा बघेन, पावसाचे पाणी कुठे सोडलेत ते विचारेन आणि गवंड्याचे पैसे चुकते झाले का, तेही. मग पवित्र पाणी शिंपडू आणि चहा घेऊ.