धोटा, थिसिस आणि मी

एक गुन्हा कबूल करायचाय.

आमच्याच वस्तीतला एक दोस्त विद्यापीठात पीएचडी करतोय. विषय कामगार चळवळ आणि राजकीय अर्थशास्त्र. मी सूतगिरणीत, रिंग खात्यात. परवा तिसरी पाळी सुटल्यावर तो गेटवर आला. चहा पाजला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. मी म्हटलं, "लाव. पण तुला डिग्री मिळाली की माझा पगार किती वाढणार?" तो खाली बघत राहिला.

मला फार बरं वाटलं. आपल्या बैठकांत असं बोललं की टाळ्या पडतात. मालक आपला घाम घेतो नि सूत विकतो, प्राध्यापक आपला घाम घेतो नि पुस्तक विकतो. दोघांत फरक तो काय?

मग त्यानं विचारलं, "खात्यातलं गटार तुंबलं की मुकादम कुणाला हाक मारतो?"

उत्तर मला ठाऊक होतं. हाक आम्हालाच येते. आडनाव बघून येते. पण पगारवाढीची बोलणी चालू आहेत आणि पुढाऱ्यांनी बजावलंय : आत्ता जातीचं काढू नका, एकी फुटेल. मी म्हणालो, "कुणालाही मारतो." त्यानं ते लिहून घेतलं.

आता चोर कोण? माझं बोलणं घेऊन जाणारा तो, की त्याच्या हातावर खोटं ठेवणारा मी?

झोप लागली नाही. बाबासाहेब आठवले. आपण त्यांना घटनाकार म्हणतो आणि तिथंच थांबतो. ते आधी अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. 1916 मध्ये तिथं जातीवर निबंध वाचला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पुन्हा लंडन गाठून 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधानं डी.एस्सी. झाले. करिअरच करायचं असतं तर रस्ता मोकळा होता.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा अस्पृश्य कामगार रिंग खात्यात चालत, विणकाम खात्यात चालत नसत. पगार मात्र विणकामात जास्त. कारण सांगत ते असं : कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराला कसा चालणार? थुंकीवर पगार ठरत होता. हे अर्थशास्त्र कुठल्या वर्गात शिकवत होते?

1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढं ठेवला. 1929 च्या संपाला तर त्यांनी विरोधच केला. त्यावरून त्यांना दोष देणारे आहेत, देऊ देत. पण पुढचं बघा. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्काला वेसण घालणारं औद्योगिक कलह विधेयक आलं, तेव्हा 7 नोव्हेंबर 1938 ला त्याच कम्युनिस्टांबरोबर त्यांनी एक दिवसाचा संप केला. धोट्याचा प्रश्न विचारल्यानं एकी कायमची मेली नाही. न विचारता जी टिकते तिला एकी कशाला म्हणायचं? ती आमची गप्प बसण्याची पाळी असते, चोवीस तासांची.

म्हणून मला आता असं वाटतं. आपल्या दुःखावर अभ्यास करणं हे पाप नाही. चळवळीला जे ऐकायचं नाही ते अभ्यासकानं विचारलं पाहिजे आणि सापडलेलं उत्तर घेऊन परत वस्तीत आलं पाहिजे. नुसतं विचारून पसार झाला तर तो मुकादमाचाच भाऊ. पण आपलंही देणं आहे. त्याच्याकडून खरेपणा मागायचा आणि आपण खोटं बोलायचं, हा कुठला न्याय?

मी दोस्ताला फोन केला. म्हटलं, "ते उत्तर खोड. पुन्हा ये. आणि तुझं प्रकरण गाईडला देण्याआधी मराठीत आमच्यापुढं वाच." तो हो म्हणाला.

पण त्याच्या कागदावर खरं लिहून घेतल्यानं माझी सुटका होत नाही. युनियनची सभा पुढच्या आठवड्यात आहे. करार अजून व्हायचाय. गटाराचा प्रश्न मी तिथं उभा राहून मांडणार आहे. भीती वाटते. घरात खाणारी पाच तोंडं आहेत.

तुमच्यापैकी कुणी त्या सभेला असलात, तर माझ्या बाजूला उभे राहा.